समोरच्या गाडीची विमा कंपनी आणि मापाची वही

ऑक्टोबर २०२२ मध्ये, दसरा होऊन चार-पाच दिवस झाले असताना, आम्ही दोघे अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन घेऊन लातूरला परतत होतो. शिवारात सोयाबीनच्या राशी चालू होत्या आणि लातूरच्या आडतीकडे निघालेल्या ट्रॅक्टर-पिकअपची रस्त्यावर रीघ लागली होती. रेणापूरच्या अलीकडे डाव्या हाताच्या शेतरस्त्यावरून कट्ट्यांनी भरलेला एक पिकअप न थांबता मुख्य रस्त्यावर आला आणि आमच्या कारच्या डाव्या बाजूवर आदळला. पत्नी पुढच्या डाव्या सीटवर होती. सीटबेल्ट लावलेला असल्यामुळे तिचे डोके वाचले, पण आधारासाठी पुढे केलेला उजवा हात डॅशबोर्डवर आपटून मनगटाजवळचे हाड दोन ठिकाणी मोडले. त्याच रात्री लातूरला आणून दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी लागली आणि मनगटात प्लेट व स्क्रू बसवण्यात आले. मला किरकोळ खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, आणि ही गोष्ट पुढे कित्येक महिने माझ्या मनाला टोचत राहिली.

त्यानंतरची अडीच वर्षे मी पिकअपच्या विमा कंपनीशी व्यवहार करण्यात घालवली. आपल्या स्वतःच्या विमा कंपनीशी कसे वागावे, कोणता फॉर्म भरावा, गाडी कोणत्या गॅरेजला न्यावी, हे एजंट सांगतो. समोरच्याच्या कंपनीशी कसे वागावे हे मात्र कोणीच सांगत नाही. मी शाळेत गणित शिकवतो. कायदा माझा विषय नव्हे. तरीही या काळात जे कळले ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या भागातील रस्त्यांवर हंगामाच्या दिवसांत असे अपघात नित्य घडतात आणि त्यातील बहुतेक माणसे पहिल्याच महिन्यात, पहिल्याच कागदावर सही करून आपला हक्क गमावतात.

सुरुवातीला माझी समजूत अशी होती की चूक पिकअपवाल्याची आहे, त्याच्या गाडीचा विमा आहे, तेव्हा आपण बिले पाठवायची आणि कंपनीने पैसे द्यायचे. मी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला. पलीकडून पॉलिसी क्रमांक विचारला गेला; तो माझ्याकडे नव्हता, कारण पॉलिसी माझी नव्हती. मी रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवली. पोच आली, उत्तर आले नाही. मग मी विमा लोकपालांकडे तक्रार करण्याच्या तयारीला लागलो आणि तेव्हा कळले की २०१७ च्या नियमांनुसार लोकपाल ऐकतात ती विमाधारकाची किंवा त्याच्या वारसाची तक्रार. ग्राहक आयोगाचेही तसेच, कारण त्या कंपनीचे ग्राहक आम्ही नव्हतो. करार पिकअपचा मालक आणि कंपनी यांच्यात झालेला होता, आणि त्या करारात आमचे नाव होते ते केवळ ‘तिसरा पक्ष’ म्हणून. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने प्रत्येक वाहनाला हा तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे तो आमच्यासारख्यांसाठीच. पण मालकाची जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय कंपनीने स्वतःहून आपले देणे मान्य करावे अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. ही जबाबदारी ठरवण्याची जागा एकच, ती म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. ते जिल्हा न्यायालयातच बसते, आणि अर्ज अपघात घडला त्या ठिकाणच्या, आपण राहतो त्या ठिकाणच्या किंवा समोरचा राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. परगावच्या गाडीने ठोकरले म्हणून परगावी खेटे घालण्याची गरज नसते, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

आमच्याकडे कंपनी प्रथम आली ती माणसाच्या रूपाने. पत्नीला घरी आणून आठ-दहा दिवस झाले असतील. एक गृहस्थ दारात आले, आपण कंपनीचे आहोत असे म्हणाले, चहा घेतला, पत्नीची अत्यंत आपुलकीने चौकशी केली. मला खरोखरच बरे वाटले. पत्रांना उत्तर न देणाऱ्या कंपनीने माणूस पाठवला, असे वाटले. त्यांनी हळूहळू प्रश्न विचारण्यास सुरुवात केली: गाडीचा वेग किती होता, पिकअप प्रथम किती अंतरावर दिसला, ब्रेक केव्हा लावला, बाईंनी पट्टा लावला होता का, त्या घरीच असतात ना. मी जमेल तशी उत्तरे देत गेलो. “पिकअप थोडा आधी दिसला असता तर टळले असते,” असेही मी बोलून गेलो. अपघातातून वाचलेला प्रत्येक माणूस असे बोलतो. ती हळहळ असते, कबुली नव्हे. त्यांनी इंग्रजीत दोन पाने लिहिली आणि सहीसाठी पुढे केली. दुसरा एक छापील कागदही होता. एक लाख रुपये मिळतील, मिटवून टाका, कोर्टात दहा वर्षे जातात, असे ते म्हणाले.

पत्नीचा धाकटा भाऊ तेव्हा घरात होता. तो एका वकिलांकडे कारकून आहे. त्याने कागद हातात घेतला, वाचला आणि मला आतल्या खोलीत बोलावले.

“दाजी, सही करू नका,” तो म्हणाला. “हे अन्वेषक आहेत. यांना कंपनी पैसे देते ते कंपनीचे पैसे वाचवण्यासाठी. यात लिहिलंय की तुम्ही वेगात होतात अन् अक्का काहीच कमवत नाही.”

मी ‘वेगात होतो’ असे म्हटले नव्हते. साठच्या आसपास वेग होता असे म्हणालो होतो. त्याचे इंग्रजीत काय झाले ते मी पाहिलेही नव्हते. छापील कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द होते, आणि त्यापुढे आम्हा उभयतांची कोणतीही मागणी शिल्लक राहिली नाही असे लिहिलेले होते. मनगटातील प्लेट अजून आत होती, टाके निघाले नव्हते, हाताला किती अधूपण राहणार हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते, आणि त्या अवस्थेत आमच्याकडून सगळे संपल्याची सही घेतली जात होती. त्या गृहस्थांना मी वैयक्तिक दोष देत नाही, ते त्यांचे काम करत होते. परंतु जखमी माणसाच्या घरात, त्याला न समजणाऱ्या भाषेत, त्याच्या विरुद्ध जाणारा जबाब लिहून घ्यायचा, ही रीत मला अन्यायाची वाटली आणि आजही वाटते.

कायद्यात याची स्वतंत्र वाट आहे, हे मला नंतर समजले. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १४९ प्रमाणे अपघाताची माहिती मिळताच कंपनीने दावा मिटवण्यासाठी एक अधिकारी नेमायचा असतो, आणि त्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत जो प्रस्ताव द्यायचा तो न्यायाधिकरणासमोर द्यायचा असतो. प्रस्ताव मान्य केल्यास त्याची तेथे नोंद होते, अमान्य केल्यास सुनावणी पुढे चालते. म्हणजे तडजोडीला कायद्याचा विरोध नाही. विरोध आहे तो बैठकीच्या खोलीत चहाच्या कपाशेजारी होणाऱ्या तडजोडीला. घरी येणाऱ्या माणसाकडे त्याचे नेमणूकपत्र मागावे, आपले म्हणणे आपल्या भाषेत लेखी देऊ असे नम्रपणे सांगावे आणि तेथेच थांबावे. आम्ही तसेच सांगितले. ते पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर मी कागदांच्या मागे लागलो. आमच्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे घटनास्थळ पंचनामा, आणि नेमका तोच होत असताना मी दवाखान्यात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला तेव्हा दोन्ही वाहने रस्त्याच्या कडेला ओढून ठेवलेली होती. सुदैवाने जवळच्या चहाच्या टपरीवरील एका मुलाने अपघातानंतर लगेच मोबाईलवर सात-आठ छायाचित्रे काढली होती. त्यांत काचांचा सडा आमच्या बाजूच्या पट्ट्यात दिसत होता, पिकअपचे तोंड शेतरस्त्याकडून आलेले स्पष्ट दिसत होते आणि आमच्या चाकांच्या ब्रेकच्या खुणाही ओळखता येत होत्या. मी त्या मुलाला शोधून काढले, त्याच्याकडून मूळ छायाचित्रे घेतली आणि तपासी अंमलदारांना दिली. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी त्या मुलाचा जबाबही नोंदवला. पुढे न्यायाधिकरणात चूक कोणाची या प्रश्नाचा निकाल लागला तो मुख्यतः या छायाचित्रांवर आणि त्या मुलाच्या साक्षीवर.

पिकअपचे नोंदणी पुस्तक, विम्याची प्रत आणि चालकाचा परवाना आम्हाला पोलीस ठाण्यातून मिळाला. कलम १६० नुसार हा तपशील मागण्याचा आपल्याला हक्क आहे, त्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत तर पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा आहे, व तो विमा कंपनीलाही जायचा आहे. याच नियमांत अपघातग्रस्ताला त्याचे हक्क सांगणारा एक छापील नमुना देण्याचीही तरतूद आहे. आम्हाला तो मिळाला नाही. मी मागितलाही नाही, कारण असा काही नमुना असतो हेच माहीत नव्हते. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर ‘वाहन अपघात’ अशी नोंद आहे ना, हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे. घाईत कोणी ‘पडल्यामुळे दुखापत’ असे लिहून गेले, तर ती एक ओळ कंपनीचे वकील शेवटपर्यंत सोडत नाहीत. आमच्या केसपेपरवर नोंद बरोबर होती.

आणि मुदत. एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खाली अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. आमच्या बोलण्यात ‘हात बरा झाला की बघू’ असेच येत होते. मेव्हण्याने हट्ट धरला नसता तर आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबलो असतो आणि मुदत टळली असती. अर्ज फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखल झाला.

कारविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिचे दुःख लवकर विसरले. दुरुस्तीचे बिल शहाऐंशी हजारांचे झाले आणि मी ते माझ्या स्वतःच्या विमा कंपनीकडून भरून घेतले. समोरच्याच्या कंपनीकडून कारची भरपाई मिळवायची तर न्यायाधिकरणाचाच रस्ता असतो, आणि तोपर्यंत गाडी गॅरेजमध्ये पडून राहते. आपल्या पॉलिसीतून दावा केला की घसारा वजा होतो: कार पाच ते दहा वर्षांची असेल तर पत्र्याच्या भागांवर ४० टक्के, प्लॅस्टिक व रबरावर ५० टक्के, आणि दावा न केल्याबद्दल साठत आलेली हप्त्यातील सवलत जाते ती वेगळीच. माझ्या हाती एकावन्न हजार आले. उरलेल्या पस्तीस हजारांसाठी मी माझ्या नावाने स्वतंत्र अर्ज केला. पत्नीच्या दुखापतीचा अर्ज वेगळा आणि वाहनाच्या नुकसानीचा वेगळा, हे आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. मालक मी, जखमी ती. दोघांची मागणी एकाच तराजूत घातली की हलकी मागणी जड मागणीलाही ओढून खाली आणते.

आता मूळ गोष्ट. पत्नी घरी शिवणकाम करते. ‘करते’ असे लिहिताना हात अडखळतो, कारण आता ते पूर्वीसारखे राहिले नाही. ब्लाऊज, परकर, मुलींचे फ्रॉक, फॉल-पिको हे सर्व ती वीस वर्षे करत आली होती. दुकान नव्हते, पाटी नव्हती, बँकेत येणारी रक्कम नव्हती. पैसे रोख येत आणि घरात खर्च होत. कंपनीने लेखी म्हणणे दाखल केले तेव्हा त्यात एक वाक्य होते: अर्जदार ही गृहिणी असून तिला कोणतेही उत्पन्न नाही. ते वाक्य मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती काही बोलली नाही. उठून कपाटातून मापाची वही काढून तिने माझ्यापुढे ठेवली.

ती वही मी वर्षानुवर्षे घरात पाहिली होती, कधी उघडली नव्हती. प्रत्येक पानावर गल्लीतील बायकांची नावे, खाली छाती, कंबर, बाहीची लांबी, गळ्याची खोली, आणि समासात शिलाईची रक्कम. पैसे मिळाले की रकमेवर गोल. लग्नसराईच्या महिन्यांत दिवसाला चार-चार नोंदी होत्या. अशा तीन वह्या निघाल्या. मी गणिताचा शिक्षक म्हणून दोन वर्षांच्या नोंदी महिनावार मांडल्या, तेव्हा सरासरी महिन्याला नऊ हजारांच्या वर गेली. माझ्या घरात इतकी कमाई होत होती आणि तिची नोंद मी कधी मनात घेतली नव्हती, याची मला त्या रात्री खंत वाटली. आम्ही त्या वह्या, शिलाई यंत्राची पावती आणि दोन गिऱ्हाइकांची शपथपत्रे दाखल केली. चालू वहीला निशाणी ३४ असा क्रमांक पडला.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातील मंडळाने दिले: १२ टक्के. कंपनीचे म्हणणे असे की उत्पन्न मानायचेच असेल तर नुकसानही १२ टक्केच माना. येथे एका न्यायनिर्णयाचा फार उपयोग झाला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०१० रोजी स्पष्ट केले की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात दिलेले उदाहरण कोणालाही समजेल असे आहे: डावा हात गेला तर वैद्यकीय अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास येईल, पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास पूर्ण बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी जाणारही नाही. म्हणून जखमी माणूस काय काम करत होता आणि आता त्यातील काय करू शकतो, हे न्यायाधिकरणाने पाहिले पाहिजे. मनगट पूर्ण वळत नसेल तर मला फळ्यावर लिहिताना थोडा त्रास होईल. शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे तसे नसते. जाड कापडावर कात्री चालवताना अंगठ्यापासून मनगटापर्यंत जोर लागतो, तो जोर गेला की कापणीच जाते, आणि कापणी गेली की शिलाई दुसऱ्याने कापून दिलेल्या कापडावर अवलंबून राहते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीत हेच सांगितले. डॉक्टरांना साक्षीला बोलावण्यासाठी चार तारखा गेल्या. पण केवळ प्रमाणपत्र दाखल करून थांबलो असतो तर टक्क्याच्या आकड्यापलीकडे कोणी पाहिले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपनीचे आणखी दोन बचाव होते. पहिला असा की अर्धी चूक माझी होती, तेव्हा भरपाई निम्मी करावी. यात किती तथ्य आहे या वादात मी शिरत नाही, कारण न्यायाधिकरणाने ती चूक मानली नाही. परंतु मानली असती तरी पत्नीच्या अर्जाला धक्का लागला नसता. ती प्रवासी होती. दोन चालकांच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्याला इजा झाली, तर त्या तिसऱ्याने दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागावी, मग त्या दोघांनी आपसात हिशेब करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेनयेई प्रकरणात सांगितले आहे. नवरा गाडी चालवत होता म्हणून बायकोची भरपाई कमी होत नाही. घरच्या माणसाच्या गाडीत जखमी झालेल्या कितीतरी जणांना ‘तुमच्याच माणसाची चूक’ असे सांगून परत पाठवले जाते, म्हणून हे ठळकपणे लिहीत आहे.

दुसरा बचाव परवान्याचा होता. पिकअपच्या चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता. पिकअप मालवाहू असल्याने वेगळी नोंद हवी होती आणि ती नसल्यामुळे आम्ही जबाबदार नाही, असे कंपनी म्हणत होती. आमचे प्रकरण चालू असतानाच हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल आला: साडेसात हजार किलोंच्या आतील मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. त्या दिवशी मेव्हण्याचा शाळेत फोन आला. “दाजी, परवान्याचं संपलं,” एवढेच तो म्हणाला, आणि मी वर्ग सोडून बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. दुसरा निकाल लागला असता तरी न्यायाधिकरणे बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. पण वसुलीच्या चिंतेत त्या पिकअपमालक शेतकऱ्याचे घर सापडले असते. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. तो दवाखान्यात दोनदा भेटायला आला होता, आणि कंपनी मात्र अडीच वर्षांत एकदाही सरळपणे समोर आली नाही.

मध्ये, २०२४ च्या उन्हाळ्याआधी, प्रकरण लोकअदालतीत ठेवले गेले. कंपनीने सर्व मिळून सव्वादोन लाख देऊ केले. लोकअदालतीची तडजोड ही अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. म्हणून तेथे बसण्यापूर्वी आपला हिशेब आपल्या हातात असला पाहिजे. माझ्याकडे तो होता आणि तो असा होता. महिना आठ हजार उत्पन्न धरले तरी वर्षाचे शहाण्णव हजार. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार करणाऱ्यासाठी भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की १,३४,४००. कमाईतील घट १२ टक्के धरली तर वर्षाला १६,१२८, आणि २० टक्के धरली तर २६,८८०. पत्नीचे वय अपघाताच्या वेळी अडतीस होते. वर्षाचे नुकसान वयानुसार ज्या आकड्याने गुणायचे तो गुणक, सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातील कोष्टकाप्रमाणे, ३६ ते ४० वयासाठी १५ आहे. म्हणजे एका बाजूला २,४१,९२० आणि दुसऱ्या बाजूला ४,०३,२००, आणि दवाखान्याचा एक लाख अठरा हजारांचा खर्च वेगळा. कंपनीचाच १२ टक्क्यांचा आकडा मान्य केला तरी त्यांची देऊ केलेली रक्कम केवळ कमाईच्या नुकसानीलाही पुरत नव्हती. पॅनेलवरील न्यायाधीशांनी आमचे आकडे शांतपणे पाहिले आणि आग्रह केला नाही. घरी येताना पत्नी म्हणाली, “अहो, सव्वादोन लाख म्हणजे कमी नाहीत.” कमी नव्हतेच. कर्जात असलेल्या माणसाने ते घेतले असते आणि त्याला कोणी नाव ठेवू नये. आम्हाला माझ्या पगाराचा आधार होता म्हणून थांबता आले.

तिची उलटतपासणी त्याच वर्षी पावसाळ्यात झाली. कंपनीच्या वकिलांनी विचारले, आपण आता स्वयंपाक करता का. ती हो म्हणाली. भाकरी थापता का. ती म्हणाली, “डाव्या हातानं थापते, जाड होते. घरची माणसं खातात. पण बाही डाव्या हातानं कापता येत नाही, अन् वाकडी बाही कोणी घेत नाही.” न्यायाधीशांनी ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितले.

निकाल एप्रिल २०२५ मध्ये लागला. उत्पन्न महिना आठ हजार मानले गेले, कमाईतील घट २० टक्के मानली गेली. दवाखान्याचा खर्च, वेदनांसाठी साठ हजार, आणि सोबतीला राहणारे माणूस, आहार व प्रवास यांसाठी अठरा हजार, अशी एकूण ५,९९,२०० रुपयांची भरपाई अर्जाच्या तारखेपासून सात टक्के व्याजासह मंजूर झाली. माझ्या कारच्या अर्जात पस्तीसपैकी बावीस हजार मिळाले. कंपनीने तीस दिवसांत रक्कम जमा करायची असते. प्रत्यक्षात थोडा उशीर झाला. न्यायाधिकरणाच्या आदेशाप्रमाणे रकमेचा मोठा भाग पत्नीच्या नावाने मुदत ठेवीत गेला. धनादेशावर तिचे नाव होते, माझे नव्हते, आणि ते तसेच असावे असा आग्रह मीच धरला होता.

अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपल्यावर आम्ही मूळ कागद परत मिळण्यासाठी अर्ज दिला. वह्या ऑगस्टअखेर हातात आल्या. चालू वहीच्या पहिल्या पानावर शिक्का आहे, त्यात शाईने ३४ लिहिलेले आहे, आणि मधल्या काही पानांच्या कडा फाइलच्या दोरीने फाटल्या आहेत. पत्नी आता आठवड्यातून तीन दिवस दोन मुलींना कापणी शिकवते. ती खडूने रेषा आखते, कात्री त्या चालवतात. वही परत आली त्या संध्याकाळी तिने शेवटच्या नोंदीखाली एक रेघ मारली आणि त्यातल्या एका मुलीला पुढच्या पानावर आपल्या आईचे माप लिहायला सांगितले.